परतूरकर सरांची अर्धी वही

परतूरकर सरांच्या शेजारी पंगतीला बसू नये, असा जुन्या जालन्यात अलिखित नियम होता. चित्राहुती घालून पहिला घास उचलावा, तोच हे म्हणणार, "उठा जरा. तुम्ही माह्या पाटावर, मी तुमच्या." सर वयानं मोठे, म्हणून लोक घास खाली ठेवून उठत. बसल्यावर प्रश्न ठरलेला. "आता सांगा, काय बदललं न्हाई?"

मी एकदा म्हणालो, "वाढप्याची नजर. ती आधीही आपल्याकडे नव्हती."

"बराबर," सर गंभीरपणे म्हणाले. त्यांना विनोद कळत नसे, उदाहरण कळत असे.

आम्ही एकाच हायस्कुलात होतो. काय काय बदललं ते मी इतिहासाच्या तासाला सांगायचो, काय बदललं नाही ते सर बीजगणितात शोधायचे. अक्षरांची अदलाबदल केली तरी जशाच्या तशा राहणाऱ्या राशी असतात. अ अधिक ब घ्या किंवा ब अधिक अ घ्या. अशा राशींचा सगळा गोतावळा मोजक्या चार-दोन राशींतून उभा करता येतो का, हा त्यांचा हैदराबादेत शिकत असल्यापासूनचा ध्यास. गोतावळा म्हणताना ते असे हळवे होत की ऐकणाऱ्याला घरातल्या सोयरिकीचीच चर्चा वाटावी.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, तेव्हा बदलायला काही कमी नव्हतं. नाणं बदललं, कचेरीची भाषा बदलली, वर्गात उर्दूच्या जागी मराठी आली. आमच्या हेडमास्तरांची तुर्की टोपी जाऊन गांधी टोपी आली. नव्या टोपीत त्यांनी परिवर्तनावर तासभर भाषण केलं आणि मोठ्या मनानं सरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. सर उभे राहिले. "टोपी बदलली. डोकं तेच हाये," म्हणाले आणि बसले.

त्यांच्या हिशेबी ही स्तुती होती. हेडमास्तरांना सिद्धान्त पटला नसावा, कारण त्या वर्षी सरांना सगळे पाचवीचे वर्ग मिळाले.

शाळा सुटली की कुंडलिका नदीच्या पुलावर आम्ही शेंगदाणे घेत असू. सर आधी माझी पुडी सोडत. दाणे माझ्या धोतरात आणि कागद त्यांच्या हातात. कागदावरचा प्रत्येक ठिपका आणि मध्याच्या पलीकडचा, बरोबर समोरचा ठिपका, हे दोन्ही एकच मानायचे. तसं मानून कागद गुंडाळला की त्याचा सुळका होतो.

"सगळा गुळगुळीत हाये पाहा," टोकावर बोट ठेवून ते सांगत. "फक्त इथं बोचतं. समोरासमोरचे दोघं एक धरले की मधी टोक येतंच. खरं गणित ह्या टोकातच हाये."

मी धोतरातले दाणे वेचत मान डोलवायचो.

मग औरंगाबादच्या एका कॉलेजात गणिताची जागा निघाली. पूर्ण केलेलं संशोधन तेवढं जोडायचं होतं. शिफारस हेडमास्तरांनी स्वतः लिहिली. एखादा माणूस गावातून जावा म्हणून इतकी सुंदर भाषा मी दुसरीकडे वाचलेली नाही. अर्जाला दोन दिवस उरले तरी सर हलेनात, तेव्हा रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, पाचवीचे अपूर्णांक शिकवत म्हातारे होणार का?

त्यांनी एक जाड वही पुढे ठेवली. डावीकडून त्यांचं मराठी. पहिली पानं ऐसपैस, पुढे अक्षर बारीक होत गेलेलं, मध्यावर तर मुंगीएवढं. समासातही गणित. त्यापुढची पानं मात्र कोरी.

"इतकी पानं मोकळी असताना ही काटकसर कशाला?"

"ती वाहिदची हायेत."

वाहिद म्हणजे हैदराबादच्या वसतिगृहातले त्यांचे खोलीसोबती. दोघांत एक वही. यांनी डावीकडून लिहायचं, त्यांनी उर्दूत उजवीकडून, आणि त्या गोतावळ्याची सिद्धता मध्यावर भेटवायची. नंतर वाहिद कराचीला गेले. पहिल्या वर्षी दोन पत्रं आली, मग तीही थांबली.

मी वही उलटी फिरवली. उर्दूत शिकलेले आम्ही सगळेच. अकरा पानं सुबक हस्ताक्षर होतं आणि अकराव्याच्या तळाशी एक ओळ. मी ती मोठ्यानं वाचली, "बाक़ी गोविंद लिख देगा।"

गोविंद म्हणजे सरच. मी म्हणालो, "सर, त्यांनीच लिहायला सांगितलंय. किती पानं लागतील?"

"चार. तोंडपाठ हायेत. लई दिवस झाले."

"मग लिहा की. दोघांची नावं घाला."

सरांनी वही आपल्याकडे ओढली आणि बोटानं कोरी पानं चाळली.

"लिहिलं की वही पुरी व्हईल," ते म्हणाले. "अजून त्याचं माह्याकडं काम बाकी हाये. ते संपलं, मंग त्याचं काय राहतं?"

त्यांनी टाक बुडवला आणि समासातल्या उरल्यासुरल्या बोटभर जागेत, भिंगाशिवाय दिसणार नाही अशी, एक ओळ लिहिली. अर्ज गेला नाही. कॉलेजात दुसरं कुणी लागलं.

पुढच्या लग्नात पंगतीला मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसलो. चित्राहुती घातल्या, आणि त्यांनी सांगायच्या आधीच पाट सोडून उठलो.