चॉप्सचा आग्रह

कोपर गावातल्या घरात निवृत्त प्राध्यापक उत्तमराव आठ पोर्क चॉप्ससमोर परीक्षकाच्या मुद्रेने उभे होते. आयुष्यभर त्यांनी तर्कशास्त्र शिकवले होते. आणि ज्या विषयावर चार पुस्तके वाचली तो विषय आपल्याला येतो, हा विद्वानांचा जन्मसिद्ध गैरसमज त्यांनाही चुकला नव्हता. मुलगी रुचिता हिने विकीशी लग्न ठरवले होते. विकीचे वडील काळुरामशेठ मात्र होकार देत नव्हते. पुस्तकी माणसांत सोयरीक नको, असे त्यांचे म्हणणे. गोव्यात खाल्लेले चॉप्स शेठना अजून आठवतात, एवढे विकीकडून कळले आणि उत्तमरावांनी त्यांना जेवायला बोलावून पाककलेचे ग्रंथ उघडले.

"तोंडी लावायला काय करू?" पत्नी मालनताईंनी विचारले.

"उकडलेली फरसबी, बटाट्याचा लगदा आणि सफरचंदाची चटणी."

"माणसं जेवायला येतायत की आजारी आहेत?" असे म्हणून त्यांनी परस्पर तांदळाच्या भाकऱ्या, भरीत आणि सुकटीची चटणी करायला घेतली.

चॉप्स सकाळपासून मिठाच्या पाण्यात मुरले होते. लसूण-मिरीचा लेप निर्दोष होता. तव्यावर दोन्ही बाजू बदामी झाल्या. इथेच थांबायचे, यावर सर्व ग्रंथांचे एकमत होते. पण एक चॉप कापून पाहिला तर आत किंचित गुलाबी छटा! होणाऱ्या व्याह्यांना कच्चे मांस वाढले तर? या विचारासरशी विद्वत्तेचा धीर सुटला, आणि महाराष्ट्रात शंकास्पद मांसाचे जे केले जाते तेच त्यांनी केले. कुकर. चार शिट्ट्या. खात्रीसाठी आणखी दोन.

झाकण उघडल्यावर त्यांनी तुकडा चावून पाहिला. कोल्हापुरी चपलेला इतक्या निष्ठेने कोणी मसाला लावला नसेल.

तेवढ्यात बेल वाजली.

पाहुण्याने नको म्हणायचे आणि यजमानाने ते ऐकायचे नाही, या क्रौर्याला आपल्याकडे आदरातिथ्य म्हणतात. आग्रह न करणारा यजमान पाहुण्याचा अपमान करतो, असे शास्त्र आहे. काळुरामशेठ पहिला चॉप फार वेळ चघळत होते. अखेर भरीत-भाकरीच्या मदतीने तो खाली उतरला.

"बास," ते म्हणाले. "मना नको आता."

"बरं," उत्तमराव म्हणाले.

मालनताईंनी टेबलाखालून त्यांना पाय मारला. "अहो, वाढा ना! एकच घ्या म्हणा!"

"ते नको म्हणतायत ना!" उत्तमराव कासावीस होऊन पुटपुटले. दुसरा चॉप म्हणजे सोयरिकीचा शेवट, हे त्यांना दिसत होते.

"मना पन नको," विकीच्या आई गोदाबाई म्हणाल्या.

"नका घेऊ."

मालनताईंनी डोळे मिटून घेतले. विकीने रुचिताकडे पाहिले; रुचिताने बापाकडे पाहायचेच टाळले.

काळुरामशेठ हात धुऊन परत आले आणि खुर्ची ओढून समोर बसले.

"प्रोफेसर, डाक्टर सांगतो कमी जेवा. पन ज्याचे घरी जावा तो ताटात ढकलतोच. नको म्हनला का अजून दोन! आज पयल्यांदा कोनी माझा नको ऐकला. आमचे बायकोनी पन कधी ऐकला नाय."

"ऐकते की!" गोदाबाई म्हणाल्या.

"बघा, मधीच बोलली." शेठ हसले. "चॉप जरा चिवट होता, पन मानूस मऊ हाय. झाली सोयरीक!"

"पप्पा!" विकी ओरडला. रुचिता रडायलाच लागली. उत्तमरावांच्या छातीवरचा धोंडा उतरला; आणि धोंडा उतरताच विद्वान जे करतो ते त्यांनी आरंभले.

"त्याचं असं आहे, शेठ, आग्रह ही मूलतः हिंसाच. माझी पूर्वीपासून अशी तात्त्विक भूमिका..."

मालनताईंनी उरलेल्यांतला सर्वांत मोठा चॉप त्यांच्या ताटात ठेवला.

"घ्या हो. एवढा एकच."

"नको, माझं..."

"माझा आग्रह आहे."

उत्तमरावांनी निमूट घास तोंडात घातला, आणि लग्नाची तारीख, हॉल आणि मानपान ठरेपर्यंत त्यांना एक शब्दही बोलता आला नाही.