तात्यांच्या ब्रेकमधली हवा

कुणाच्याही गाडीत बसण्याआधी तात्या ड्रायव्हरला खाली उतरवतात आणि स्वतः ब्रेक दाबून बघतात. पुतण्याच्या लग्नात नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीचंही त्यांनी हेच केलं. बँडवाले ताटकळले, मुहूर्त टळायची वेळ आली, पण तात्या ढिम्म. मला म्हणाले, "पळतं समदंच, सर. थांबतंय का ते बगावं!"

आमच्या सणसर गावात उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर आल्या की हे वाक्य ऊठसूट कानावर पडतं. मी त्यांच्या शेजारी राहतो, शाळेत शिकवतो आणि माझ्याकडे चारचाकी नाही. म्हणून आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सोमवारी पहाटे बारामतीला जायचं ठरलं, तेव्हा तात्या आपणहून म्हणाले, "आपली गाडी हाय की!"

मी हो म्हणालो आणि लगेच पस्तावलो.

कारण हा गृहस्थ दर रविवारी अंगणात त्या जुन्या मोटारीच्या ब्रेकमधली हवा काढतो. जिच्या ब्रेकमध्ये दर आठवड्याला हवा शिरते, तिच्यात आईला बसवून, मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्यांच्या मधून अंधारात जायचं?

हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून ब्रेकचं पेडल मारायचं आणि मग दाबून धरायचं. दुसऱ्यानं चाकाशी आडवं होऊन पान्यानं चाकामागचं बारीक निप्पल, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, सैल करायचं. त्याला लावलेल्या नळीतून ब्रेकचं तेल बाटलीत येतं. हवा असली तर बुडबुडे दिसतात. निप्पल आवळेपर्यंत आतल्यानं पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत. तात्यांचं आतलं माणूस म्हणजे त्यांची बायको, आमच्या काकू.

काकूंना उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आला आणि उजवा पाय लुळा पडला. रोज व्यायाम करा, नाहीतर पाय कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. पण जन्मभर उसात राबलेल्या काकूंना ते पटेना. "काम न्हाय, धंदा न्हाय, नुस्ता पाय हलवत बसू? लोकं हसतील की!" व्यायाम शिकवायला आलेल्या मुलीला त्यांनी चहा पाजून दारातूनच परत पाठवलं.

जायच्या आदल्या दिवशी, रविवारी, तात्या त्यांना काखेत हात घालून गाडीकडे आणत होते. मला राहवलं नाही. "काकूंना कशाला त्रास? मी बसतो की."

"तुमाला जमायचं न्हाय. शिकलेल्या मानसाचा पाय लई घाई करतो."

काकूंनी डावा पाय पेडलवर ठेवला. तात्या खेकसले, "उजवा! डाव्यानं दाबलं की हवा उलटी चढती!"

असलं विज्ञान मी जन्मात ऐकलं नव्हतं. या माणसाला ब्रेकमधलं ओ की ठो कळत नाही, अशी माझी खात्रीच पटली. आता उद्या आईचं कसं होणार?

"मार... मार... धर!"

"धरलंय!" काकू दात आवळून म्हणाल्या. कपाळ घामानं डबडबलं होतं.

मी चाकाजवळ उकिडवा बसलो. तेल आलं. मधासारखं स्वच्छ, एकही बुडबुडा नाही. परत "मार... धर", परत तेच.

"तात्या, हवा तर नाहीच!"

तेलकट हातानं त्यांनी माझं मनगट पकडलं. "हळू बोला. हवा दसऱ्यालाच निघाली. ब्रेक एक नंबर हायती, आईंची काळजी करू नका. पन हिला कळलं तर पाय हलवायची न्हाय ती. दिवाळीत पाय नुस्ता पेडलवर ठेवायची, मीच वरनं गुडगा दाबायचो. आज एकटीनं पार तळाला नेलाय." त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. "पर चालत न्हाय वो अजून. चालंल ना, सर?"

मला काय कळतंय त्यातलं? पण त्यांच्या डोळ्यांतली भीती बघून मी होकारार्थी मान हलवली.

"अवो, झोपला काय खाली?" काकू ओरडल्या. "हाय का अजून हवा?"

तात्यांनी निप्पल आवळायला घेतलं. मी उठून खिडकीशी गेलो. "आहे काकू. लई बुडबुडे येतायत."

"बगा!" काकूंनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि पाय पुन्हा उचलला. "म्या नसते तर ह्या मानसाचं कसं झालं असतं?"

"खरं हाय," तात्या खालून म्हणाले, पण ते फक्त मला ऐकू आलं.