न पिळलेले लंगोट

आमच्या डोक्यावर राहणारे आहेरनाना तान्ह्या नातीचे लंगोट पिळायचे नाहीत. रिठ्याच्या पाण्यात धुवायचे, खळबळायचे आणि दोन बोटांत कोपरे धरून तसेच निथळते दोरीवर टाकायचे. त्यांच्या गॅलरीखाली आमची गॅलरी. आणि तिथं त्या दिवशी माझ्या कुरडया वाळत होत्या.

आता, पिळायला ताकद नव्हती म्हणाल तर नानांची हयात सातपूरच्या कारखान्यात नट आवळण्यात गेली. त्यांनी बंद केलेला गच्चीवरचा नळ अजूनही दुसऱ्या कुणाला उघडत नाही. त्यांनाच बोलवावं लागतं. म्हणून मी पदर खोचून वर गेले.

"नाना, जरा पिळून घाला की."

"नाय ताई. लंगोट पिळला का पोरीच्या पोटात पीळ पडतो."

देवळाची पायरी न चढणारा माणूस हा. आमच्या वास्तुशांतीला केवळ जिलबीसाठी आला होता. मला हसू आलं. "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"हिनं." त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे हनुवटी केली. "वैशूच्या टायमाला मी एकदा पिळले, तर लय बोलली मला."

वैशू म्हणजे त्यांची एकुलती लेक. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली. माहेरात आई नव्हती, नाना होते. तेव्हा शेक-शेगडी, डिंकाचे लाडू आणि लंगोट असं सगळं नानांकडे आलं. लाडू त्यांनी असे वळले होते की फोडायला बत्ता लागला.

लंगोटांचं कापड गोळा करायला ते घरोघरी गेले होते. माझ्याकडे आले ते दारातच उभे. "सुती साडी हे का जुनी? नवीन नको. नेसून नेसून तुम्हाला कंटाळा आलेली द्या." मी जांभळ्या फुलांची दिली. म्हणजे माझ्याच साडीचं पाणी माझ्याच कुरडयांवर पडत होतं. मी सोसायटीच्या ग्रुपवर खरमरीत मजकूर टाकला. नानांकडे बटणांचा फोन आहे, ते ग्रुपवर नाहीतच, हे मला दोन दिवसांनी कळलं. आमचे हे सकाळी गॅलरीत पेपर वाचायचे. अग्रलेखावर थेंब पडला की वर बघून म्हणायचे, "नाना, नदीला पूर आलाय."

"येऊ द्या, येऊ द्या," वरून उत्तर यायचं.

नातीला सगळे ठकी म्हणायचे. बारसं झालंच नव्हतं. ती हृदयाला छिद्र घेऊन आली होती. वजन वाढलं की ऑपरेशन, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि ऑपरेशन झालं की बारसं, असं नानांनी ठरवलं होतं. वजन मात्र वाढत नव्हतं. दोन घोट प्यायली की ठकीला धाप लागायची, ओठ निळसर व्हायचे.

मी एकदा शहाणपणानं डायपरचं पाकीट नेऊन दिलं.

"त्यात कळत नाय ताई," नाना म्हणाले. "हे हातात घेतलं का समजतं, पोरगी किती प्याली ते."

तेव्हापासून आम्ही दोघं त्यांची दोरी वाचायला लागलो. दोरी भरलेली दिसली की ठकी पीत होती. कुरडया मी केव्हाच आत हलवल्या होत्या. ह्यांच्या पेपरवर भरपूर पाणी पडलं की हे खूश असायचे. "आज छान ओलाय," म्हणायचे, आणि ओली पानं पंख्याखाली पसरायचे.

मग दोरीवर जागा दिसायला लागली. आधी एका टोकाला, मग मधेमधे. पेपर कोरडा राहायला लागला. हे वर बघायचे आणि पान उलटायचे.

एका रविवारी मालेगावहून जावई आले होते. नाना आणि ते ठकीला दुपट्यात गुंडाळून घेऊन गेले आणि दोघंच परत आले.

दोरी रिकामी झाली. नाना गॅलरीतही येईनासे झाले.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी आमच्या कठड्यावर टपकन थेंब पडला. मी वर पाहिलं. दोरीवर माझी जांभळी फुलं. ह्यांनी पेपर मिटला. नानांच्या डोक्यावर परिणाम झाला, असं माझ्या मनात आलं, आणि मी तशीच वर गेले.

नानांनी ओल्या हातांनी दार उघडलं. आतल्या खोलीत वैशू भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"नाना, आता कशाला…"

नाना बादलीकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "दूध थांबेना तिचं. झगे भिजून जातात. डॉक्टरीणबाई म्हणली, मऊ फडकी ठेवा. घरात मऊ हेच हे."

मला काहीतरी करायला हवं होतं. बादलीतलं एक फडकं मी उचललं आणि हातांना सवय म्हणून पिळायला घेतलं. नानांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. अगदी अलगद.

"पिळू नका ताई," म्हणाले. "ही पण पोरीच्याच अंगावरची हेत."

मग दोन कोपरे त्यांनी धरले, दोन मी. फडकं तसंच निथळतं दोरीवर टाकलं. खाली ह्यांनी खुर्ची जरा आत सरकवल्याचा आवाज आला.