गुरुजींचा मोहफुलांचा खेळ

सुरेंद्र गुरुजींनी पुठ्ठ्यावर साठ घरांचा खेळ आखला होता. फासा टाकायचा, सोंगटी पुठ्ठ्यावरच्या जंगलात न्यायची, मोहफुलांचे मणी वेचायचे आणि परत यायचं. पहिला घरी पोचेल तो जिंकला. उद्या वडसा गावच्या प्रदर्शनात तो मांडायचा होता. त्याआधी चाचणी हवी, म्हणून त्यांनी खऱ्या जाणकारांनाच शाळेच्या ओसरीवर बोलावलं. चंदाबाई, गिरजाबाई आणि शालिकभाऊ, तिघंही दरवर्षी मोहफुलं वेचणारे.

चौथ्याच फाशाला चंदाबाईची सोंगटी वाघाच्या घरात पडली.

"सहा घरं मागं," गुरुजी म्हणाले.

"मागं काऊन?" शालिकभाऊ म्हणाले. "वाघाले पाठ दाखवाची नाई, गुरुजी. बाई, तू हालू नको. मी येऊन राह्यलो." आणि फासा न टाकताच त्यांनी आपली सोंगटी वाघाच्या घरात नेली. पाठोपाठ गिरजाबाईचीही आली.

गुरुजींनी वही चाळली. एका घरात तिघं आले तर पुढची पाळी कोणाची, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. तोवर तिघं मिळून घरी पोचलेही होते, आणि मणी वाटून घेत होते.

"पण जिंकलं कोण?"

"तिघं गेलो, तिघं आलो," गिरजाबाई म्हणाली. "आनखी काय पायजे?"

उद्या परीक्षकांना काय सांगायचं? त्यांनी हात जोडले. "एक डाव माझ्या नियमानं खेळा. कोणी कोणाले मदत कराची नाई."

तिघं आपापलं खेळले. वाघानं चंदाबाईला दोनदा मागं धाडलं. शालिकभाऊ तिच्या सोंगटीशेजारून मान खाली घालून पुढं गेले. शेवटी गिरजाबाई घरी पोचली.

"जिंकलात, बाई!" गुरुजींनी टाळ्या वाजवल्या. एकट्यानंच.

गिरजाबाई पुठ्ठ्याकडं बघत राहिली. मग तिनं जिंकलेली सोंगटी उचलली आणि पुन्हा जंगलाच्या वाटेवर ठेवली.

"अवं बाई, डाव संपला!"

"चंदा तिकडंच हाय ना अजून."

गुरुजींनी पुन्हा वही उघडली. जिंकलेला माणूस परत जंगलात गेला तर काय करायचं? पेन कागदावर टेकवत त्यांनी हळूच विचारलं, "बाई, जाताना फासा टाकाचा का?"

"कायले?" गिरजाबाई म्हणाली. "रस्ता माहीत हाय मले."