पंधरा आण्यांचा फेरा

आमचे मोठे मामाजी गेल्या वाटेने कधी परत आले नाहीत. विहिरीवर अंगणातून गेले की गोठ्यामागून यायचे. देवळात पुढच्या दाराने शिरले की पुजाऱ्याच्या घरातून, त्याच्या चुलीला वळसा घालून बाहेर पडायचे. पुजारीण भाकरी थापता थापता पाय आखडून घ्यायची. कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं. "गेल्या वाटेनं वापस यायले मी का घाण्याचा बैल आहो?"

घाण्याचा बैल गोल फिरतो, म्हणजे तोही गेल्या वाटेने परत येत नाही, हे त्यांना सांगायची हिंमत गावात कोणाची नव्हती. मामाजी आमच्या गावचे पाणकर होते. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, तलावाचं पाणी कधी सोडायचं, हे ते ठरवायचे. असल्या माणसाशी तर्क लढवून कोण आपला धान वाळवून घेणार?

मोठे मामाजी म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. आमचं गाव अर्जुनी मोरगावकडे, जंगलात. तलाव आमच्याच पूर्वजांनी टेकड्यांच्या मधल्या खिंडीत पाळ घालून बांधलेला, आणि एवढा मोठा की समुद्र न बघितलेल्या आम्हा बायांना तोच समुद्र. आता त्या जंगलाचं राष्ट्रीय उद्यान झालंय. शहरातली माणसं जाड बूट घालून, पाठीला पिशव्या लावून तलावाचा फेरा मारतात आणि संध्याकाळी असे चेहरे करतात की जसा फेरा त्यांनीच शोधला. मी हसते. हा फेरा मी सोळाव्या वर्षी मारलाय, नऊवारीत.

सोळा वर्षांची मी म्हणजे एक नमुना होते. वडील गोंदियाच्या स्टेशनावर पार्सलबाबू, त्यामुळे आगगाडी ही आमच्याच घरची आहे असं मला वाटायचं. मराठी सातवी पास. रुबाब करायचा असला की हिंदीत बोलायची. सासरी आले आणि पहिल्याच आठवड्यात भाताची पेज केली, पेजेचा गोळा केला, आणि वर सासूबाईंना सांगितलं, "हमारे गोंदिया में ऐसाच बनाते हैं."

त्याच सुमारास मोठ्या मामाजींनी मला मागून घेतलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. दर आठवड्याला ते तलावाचा फेरा मारायचे आणि मोठ्या मामी सोबत असायच्या. मामी माझ्या लग्नाआधी वारल्या. मामाजी सासूबाईंना म्हणाले, "थे सातवी पास हाये ना? मंग तिले मोजता येत असंन. मले दे फेऱ्यासाठी."

सासूबाईंनी मला इतक्या आनंदाने दिलं की मला तेव्हाच समजायला हवं होतं.

फेरा तीन कोसांचा. गावातून निघायचं ते आधी सागाच्या जंगलात, मग टेकड्या, मग पलीकडच्या काठाने चिखल तुडवत, आणि शेवटी पाळीवर. पाळीच्या मधोमध तुडुम, म्हणजे पाणी पाटात सोडायचं दार. तुडुम आमच्या अंगणातून दोन हाकांवर. पण मामाजी तिथे तीन कोस फिरून पोचायचे, कारण फेऱ्यात ते शेवटी येतं. "मामाजी, सरळ गेलो तर?" मी एकदा विचारलं. "सरळ तं रेलगाडी जाते," ते म्हणाले.

ते पुढे, हातात बांबूची काठी. मोहाचं झाड आलं की त्याला हात लावून "काऊन गा, बरा हायेस?" विचारायचे. मोठ्या खडकावर काठी तीनदा वाजवायचे. आणि सगळ्या वाटेत माझी परीक्षा चालायची. "सांग बरं, पाण्यात बदकं किती? पलीकडं धूर कोठून निघून राहिला? पाणी गढूळ का साफ?" शेवटचा प्रश्न तुडुमापाशी. "उतर खाली. पायऱ्या किती उघड्या पडल्या?"

मी फडाफडा उत्तरं द्यायची. पलीकडे सारसाची जोडी आहे आणि तिसरं पिल्लू, हेही न विचारता सांगायची. शाळेत पहिल्या बाकावर बसणारी मी, इथे तर वर्गात एकटीच. शेवटी मामाजी गुण द्यायचे आण्यात. "पंधरा आणे."

नेहमी पंधरा. सोळावा आणा कधी नाही. त्या एका आण्यासाठी मी रात्री उशीत तोंड खुपसून चिडायची.

आता चपलांचं सांगायला हवं. गोंदियाच्या बाजारातल्या, लाल पट्ट्यांच्या माझ्या चपला. मोठ्यांसमोर सुनेने पायात काही घालायची रीत नव्हती. मी त्या पदराखाली लपवून न्यायची आणि मामाजी पुढे झाले की हळूच घालायची. ते वळून बघायचे, पण कधी बोलले नाहीत. मला वाटायचं, किती मोठ्या मनाचा माणूस.

त्या वर्षी पोळ्यानंतर पाऊस रुसला. धान निसवायला आलेला आणि बांध्यांना भेगा. सगळं गाव तलावाकडे बघत होतं. गावचा रिवाज असा होता की तुडुमाच्या सहापर्यंत पायऱ्या उघड्या असल्या तर पाणी पाळीजवळच्या बांधीपासून सोडायचं. सहाच्या वर गेल्या, म्हणजे पाणी कमी, तर आधी अगदी शेवटच्या बांधीला. जवळच्याने मागून घ्यायचं. नाहीतर शेवटच्याला नुसता ओला पाट बघायला मिळतो.

त्या दिवशी फेऱ्यात एक सागाची फांदी वाटेवर आडवी पडलेली होती. चांगली मांडीएवढी जाड. मामाजी तिच्यात सरळ गेले, आपटले, उठले आणि फांदीलाच रागावले. "इथं कायले पडून राहिली वो?" मी पदरात तोंड घालून हसले. तुडुमापाशी पोचलो तर पायऱ्यांवर ताजा चिखल. काठावरचा चिखल पुसून मी चपला नुकत्याच घातलेल्या. मी वरूनच ओरडले, "पाच!" मागच्या आठवड्यात पाच होत्या, आठ दिवसांत पाणी असं किती उतरणार?

"पंधरा आणे," मामाजी म्हणाले.

दुपारी आमच्या ओसरीवर बैठक बसली. आम्ही बाया दाराआड. मामाजी म्हणाले, "पाच पायऱ्या. पाणी पाळीजवळून सोडा." पाळीजवळचे खूश झाले. शेवटच्या बांधीवाला एक म्हातारा खांबापाशी बसला होता. तो एवढंच म्हणाला, "पाणकर, तुमी सोता पायलं ना?"

"पायलं म्हंजे? या डोळ्यानं पायलं."

 माझं ते 'पाच' ऐकलं, त्यापलीकडे त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं. मग फांदी आठवली. मग बदकं, धूर, गढूळ का साफ. सातवी पास बाईला एवढं समजायला चार महिने लागले.

मी पदर ओढला आणि ओसरीवर आले. सासूबाईंनी मागून धरायला बघितलं, हाती नुसता काठ आला.

"मोठे मामाजी, माझे आणे कापा. मी पायऱ्या मोजल्या नाहीत."

 मग पाळीजवळचा एक जण म्हणाला, "म्हंजे पाणकर, गावाचं पाणी तुमी या पोरीच्या मोजणीवर सोडून राहिले का?"

 मामाजींचं पाणकरपण त्या प्रश्नावर टांगलं होतं.

मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोललेय, पण इतकं चोख कधी नाही. "नाही जी. मामाजींना माहीत होतं मी खाली उतरले नाही. चार लोकांत माझं खोटं उघडं पडावं म्हणून ते पाच म्हणाले. मी कबूल होते का, ते बघत होते."

मामाजींनी ते लगेच उचललं. मग काठी आपटून म्हणाले, "पकडली का नाही? उद्या सकाळी पुन्हा मोजणी. तवरिक तुडुम बंद." सगळे हसले. शेवटच्या बांधीवाला सगळ्यात जोरात हसला. मी गावभर खोटारडी सून ठरले, ते पुढे दोन वर्षं.

सकाळी मामाजी सवयीने जंगलाकडे वळले. मी त्यांच्या काठीचं टोक धरलं. "आज उलट्या वाटेनं जाऊ. सरळ तुडुमावर."

"उलट्या वाटेनं मले..." ते थांबले.

"माहीत आहे," मी म्हणाले.

एकाच दिशेने पायांना पाठ झालेला फेरा होता तो. खडक, मोह, चढ, सगळं एकामागून एक. उलटं फिरलं की सगळं पुसलं जायचं. विहीर, देऊळ, पुजाऱ्याची चूल, हे सगळं त्या न दिसण्यावर घातलेलं पांघरूण.

तुडुमावर मी त्यांना हात धरून खाली उतरवलं. एकेका पायरीवर त्यांचा तळवा टेकवला. सात कोरड्या, आठवी ओली. पाणी शेवटच्या बांधीपासून सुटलं, आणि त्या साली गावात एकाही घरचा धान करपला नाही.

"कोणाले सांगतलं?" त्यांनी पायरीवर बसून विचारलं.

"कोणालाच नाही."

"मामीनंबी नाई सांगतलं. नऊ वर्सं." मग उठून म्हणाले, "चाल, फेरा उलटाच मारू. उलटा कसा दिसते, पाहू तं."

आधी पाळ, मग काठ, टेकड्या, आणि शेवटी जंगल. मी काठीचं टोक धरून पुढे. ते विचारत होते, मी सांगत होते, आणि जे दिसलं नाही ते दिसलं नाही असंही सांगत होते. मोहापाशी ते चाचपडले. मी त्यांचा हात खोडावर ठेवला. "इकडून तं पोट सुटलंय रे तुह्यं," ते झाडाला म्हणाले.

गाव दिसायला लागलं तसं मी विचारलं, "आज किती आणे?"

"पंधरा."

"आणि सोळावा?"

"थो मामीचा हाये. तिनं पयल्याच दिवशी चिखलात उतरायले पायतानं काढली होती. तुह्यी अजून वाजून राहिली."

मी खाली बघितलं. चिखलाने लाल पट्टे दिसेनासे झाले होते. मी चपला काढून हातात घेतल्या आणि उरलेली वाट अनवाणी चालले. मामाजींनी काठीचं आपलं टोक जरा घट्ट धरलं.