अटीत बसणारी घरं

रंगारी काकांना ‘किती’ असं विचारायची सोय नव्हती. सौसरच्या आमच्या मोहल्ल्यात ते अगदी समोर राहत. तहसील ऑफिसात तक्ते भरून भरून त्यांना ही सवय लागली असावी. मी एकदा सहज विचारलं, “काका, मोहल्ल्यात शेळ्या किती असतील?”

“दूध देणाऱ्या, का चारा खाणाऱ्या?”

“चारा तर सगळ्याच खातात.”

“मंग तसं विचार ना, पोरी. अट सांगितल्याबिगर आकडा भेटत नाही.”

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली, म्हणून त्यांना माझ्याबद्दल थोडी आशा होती. मोजायची रीत त्यांनी मला शिकवली. मोठ्या कागदावर घरांच्या ओळी. पहिल्या अटीत बसणाऱ्या प्रत्येक ओळीवर एक चिंचोका ठेवायचा. मग दुसरी अट वाचायची आणि जिथे ती लागू नाही तिथला चिंचोका उचलायचा. उरले ते मोजायचे. तेवढा वेळ पंखा बंद आणि बोलणंही बंद.

त्या उन्हाळ्यात सरकारी हातपंपाची गोष्ट निघाली. ज्या घराला विहीर नाही आणि जवळची विहीर दोनशे पावलांपलीकडे आहे, अशा घरांत मिळून दीडशे माणसं भरली तर पंप मिळणार होता. आई आणि मी रोज सहा गुंड, म्हणजे सहा घागरी पाणी डोक्यावरून आणायचो, त्यामुळे मला त्या दीडशेची फार काळजी होती. पावलं काकांनी स्वतः मोजली. दोन्ही अटी लावून झाल्यावर शेजारचे बळीराम काकांना म्हणाले, “एकतीस चिंचोके उरले. झालं ना, बाबू?”

“घरं पाणी पेतात का गा? त्या घरातली माणसं जोड.”

बेरीज आली एकशे एक्कावन्न. काकांनी कागद मला तपासायला दिला. मी एकेक ओळ वाचत गेले आणि सातव्या घराशी अडखळले. ते काकांचंच घर. माणसं तीन. काकू आणि त्यांची मुलगी चार वर्षांपासून लोधीखेड्याला, काकूंच्या माहेरी होत्या. हे सगळ्यांना माहीत होतं. बोलावं की नाही, मला कळेना. पंप तर हवाच होता. शेवटी मी म्हणाले, “काका, हे तीन...”

त्यांनी कागद ओढून सातवी ओळ परत वाचली.

“राहू द्या ना, बाबू,” बळीराम म्हणाले. “कोण पाहून राहिलं?”

“मी पाहून राहिलो,” काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “रविवारपर्यंत खोडू नको. मी लोधीखेड्याले जाऊन येतो.”

रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते सकाळच्या बसनं गेले आणि संध्याकाळी एकटेच परतले. तिनाचा एक केला, बाजूला माझी सही घेतली. बेरीज एकशे एकोणपन्नास. कागद त्या वर्षी पुढे गेला नाही.

सही झाल्यावर ते आमच्या दारात उभे राहिले. आईला म्हणाले, “वहिनी, माझ्या घरापायी तुमचा पंप गेला.”

“जेवले का, भाऊजी?”

त्यांनी मान हलवली, नाही. आईनं ताट वाढलं. ते जेवले. हात धुताना आई पाणी ओतत होती, तर अर्ध्या पेल्यातच त्यांनी हात मागे घेतले.

“पोरगी दहावीत हाये म्हणते,” ते रुमालाला हात पुसत म्हणाले. “मी आठवी धरून होतो.”