मोटारीची जीभ

आमचे शेजारी दाजी वैद्य मोटारीची जीभ बघत. इंजिनातून प्लग काढायचा, धोतराच्या सोग्यात धरून उजेडाकडे न्यायचा, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, "काळी. पचन नाही हिला."

प्लग म्हणजे पेट्रोल पेटवायला ठिणगी पाडणारी बोटभर वस्तू. तिच्या टोकावर काजळी धरली की ठिणगी पडत नाही आणि मोटार जागच्या जागी उभी राहते. इतकं साधं आहे. पण साधं काही दाजींना चालत नसे.

मोटार होती दोन माणसांची, शर्यतीची. एक गोरा इंजिनियर बदली होऊन जाताना ती टाकून गेला आणि खाऱ्या हवेने तिचं इंजिन गंजून गेलं. दाजींनी ती उचलून आणली. उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारींवरचे हसनमिया मिस्त्री आणि दाजी, दोघांनी मिळून इंजिन दाजींच्या पडवीत सुटं केलं, घासलं आणि पुन्हा जुळवलं. त्या दिवसांत आमच्या आळीतल्या रोग्यांच्या त्रिफळा चूर्णाला रॉकेलचा वास येत असे.

इंजिन सुरू झालं. मग प्लगचा प्रश्न निघाला आणि माझी शांतता संपली.

हसनमियांनी सांगितलं की प्लग दोन जातींचे असतात. जो उष्णता धरून ठेवतो तो गरम, जो सोडून देतो तो थंड. दाजींचा चेहरा उजळला.

"म्हणजे यांनाही प्रकृती आहे तर! गोविंद, ऐकलंस? शर्यतीचं जनावर हे. शुद्ध पित्त. हिला थंडच द्यायचा."

मुंबईहून आगबोटीने थंड प्लग आले. मोटार आळीच्या तोंडाशी जाऊन थांबली. दुसऱ्या कंपनीचे आले, तेही थंडच. मोटार पिंपळापर्यंत गेली. बैल लावून परत आणली. दाजींनी पेट्रोल गाळून पाहिलं, तेल बदललं, आणि एकदा तर मुहूर्त बदलला.

मी सर्व्हे कचेरीतला माणूस. दिवसभर साखळी आणि आकडे. मी विचारलं, "दाजी, प्लगच्या टोकाशी फट किती ठेवता?"

"अंगठ्याच्या नखाच्या जाडीइतकी."

"कोणाच्या अंगठ्याच्या?"

"निरोगी माणसाच्या," दाजी म्हणाले, आणि माझा अंगठा धरून निरखून म्हणाले, "तुझ्या नाही."

त्यांचा हट्ट एकच होता. पावसाळ्यासाठी आगबोटी बंद व्हायच्या आत गाडी न थांबता मांडवीच्या बंदरावर पोचली पाहिजे. एकदा का आगबोटी थांबल्या की प्लगही नाहीत आणि रस्त्याला रस्ता म्हणायची सोय नाही. आणि तिथवर मोटार न्यायची ती किती वेगाने? इथे मला सगळ्यात जास्त ताप झाला. ते मला शेजारी बसवत आणि हातात काठोकाठ ताकाचा पेला देत.

"सांडलं की सांग."

माझ्या कचेरीच्या कोटावर त्या उन्हाळ्यात इतकं ताक सांडलं की आमच्या घरून विचारणा झाली, "मोटारीत बसता की गोठ्यात?" आणि सांडलं की दाजी आणखी हळू जात. एकदा लाकडं भरलेली बैलगाडी आम्हाला मागे टाकून गेली. गाडीवान वळून म्हणाला, "दाजीनू, बैल देऊ काय?"

हसनमिया डोक्याला हात लावून म्हणाले, "अहो, पळवा की जरा! पळवली की काजळी आपोआप जळते."

"पळवायची नाही."

"मग गरम प्लग घाला. ही तापतच नाही, थंड कसला घालता?"

"पित्ताला उष्ण औषध? माझ्या वडिलांनी असं कधी केलं नाही."

मीही चिडून बोललो. "दाजी, वेग वाढवा नाहीतर प्लग बदला. दोन्ही गोष्टी तुमच्या मनासारख्या व्हायच्या नाहीत."

त्यांनी हातातला प्लग सोग्याने पुसून खाली ठेवला. मग म्हणाले, "वेग नाही वाढवायचा." आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपलं शास्त्र मोडलं. गरम प्लग मागवले.

ते शेवटच्या आगबोटीने आले. दुसऱ्या दिवशी कलत्या उन्हात मी दारात उभा होतो, तर दाजी माईंना दोन्ही हातांवर उचलून बाहेर आणत होते. माई त्यांची बायको. काही वर्षांमागे विहिरीच्या पायरीवरून पडल्या, तेव्हापासून कंबर गेली. बैलगाडीत चढता येत नव्हतं, धक्का सोसत नव्हता. माहेर पूर्णगडचं, समुद्राच्या तोंडावरचं, आणि पडल्यापासून त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. इतर मोटारींना पायरी असते. या मोटारीची बैठक पाटाइतकी खाली. चढायचं नाही, नुसतं टेकायचं. ताक कोणाच्या कमरेसाठी होतं, ते मला तेव्हा कळलं.

मी शेजारून चालत निघालो. वेग तेवढाच होता. पिंपळ गेला, बाजार गेला, मासे विकणाऱ्या बायका हात थांबवून बघत राहिल्या. इंजिन एकदाही अडखळलं नाही. मांडवीला पाण्यासमोर मोटार उभी राहिली तरी दाजींनी इंजिन चालूच ठेवलं. बंद केलं आणि मग पेटलंच नाही तर? घामाने निथळत ते ओरडले, "गोविंद, बघ! बंद पडली नाही!"

माईंनी पदर सावरला. "अहो, बंद करा हो ते. काही ऐकू येत नाहीय मला."

दाजींनी तत्क्षणी बंद केलं.

लाट आली, धक्क्याच्या दगडांवर फुटली, परत गेली. ही मोटार आता पुन्हा सुरू होईल का, आणि नाही झाली तर माईंना घरी कसं न्यायचं, हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

"भरती लागलीय," माई म्हणाल्या.

"होय," दाजी म्हणाले.

मी विचारलं नाही.